कौलांचे जहाज : गोव्याच्या समुद्रतळावरील एका मालवाहू नौकेचा वृत्तांत

हुबळी-धारवाडच्या जुन्या पेठांतून जाताना मान किंचित वर केली, तर लाल कौलांची छपरे अद्यापही दृष्टीस पडतात. सिमेंटच्या गच्च्यांनी त्यांची संख्या फार घटविली आहे, हे खरे. तथापि एखादे जुने घर उतरविले जाते आणि अंगणात कौलांची चळत रचली जाते, तेव्हा त्यांतील एखादे कौल हाती घेऊन न्याहाळावे. त्यावर बहुधा कारखान्याचे नाव व गावाचे नाव दाबून उमटविलेले आढळते. कित्येकदा सालही असते. घरधन्यास त्या अक्षरांचे फारसे अगत्य नसते. कौल गळत नाही एवढे त्याला पुरते. परंतु व्यापारी मनुष्याला त्या अक्षरांचा अर्थ निराळा वाटला पाहिजे. तो शिक्का म्हणजे, ‘हा माल आमचा आहे आणि त्याच्या बऱ्यावाईटाची जबाबदारी आमची आहे,’ असे माल बनविणाऱ्याने दिलेले लेखी वचन होय.

अशाच एका शिक्क्याच्या आधाराने गोव्याच्या समुद्रात बुडालेल्या एका मालवाहू जहाजाची कथा उलगडली. त्या जहाजाचे नाव कोणी सांगितले नाही, त्याचा तांडेल वा मालक पुढे आला नाही; साक्ष दिली ती त्याच्या पोटातील मालाने. व्यापाराचा इतिहास कशावरून लिहिला जातो आणि कशाच्या अभावी तो अपुरा राहतो, हे या उदाहरणावरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्य उदाहरणावरून होईल. म्हणून ती हकीकत सभासद बंधु-भगिनींपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

माल कोठला?

स्वित्झर्लंडमधील बासेल या नगरातील मिशनचे पहिले धर्मोपदेशक १८३४ साली मंगळुरास आले. १८३७ मध्ये त्यांनी धारवाडास आणि १८३९ मध्ये हुबळीस आपले ठाणे केले. म्हणजे हे नाव आपल्या जुळ्या शहरांस सुमारे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ परिचित आहे. कन्नड-इंग्रजी कोशाचे कर्ते किट्टेल हे याच मिशनचे. त्यांचा कोश १८९४ साली प्रसिद्ध झाला आणि धारवाडशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले.

धर्मांतर केलेल्या माणसांची जातीची कामे सुटत आणि पोटापाण्याचा प्रश्न उभा राही. त्यावर उपाय म्हणून मिशनने उद्योगधंदे काढले. छापखाना निघाला, विणकामाचे माग बसले आणि १८५९ साली बासेल येथे या व्यवहारासाठी स्वतंत्र व्यापारी कंपनीही स्थापन झाली. गेओर्ग प्लेब्स्ट या गृहस्थाने मंगळूरच्या परिसरातील माती पारखली. नेत्रावती आणि गुरुपूर या नद्यांच्या काठची चिकणमाती कौलांस उत्तम आहे, हे ध्यानी घेऊन १८६५ साली मंगळूरच्या जेप्पू भागात कौलांचा कारखाना सुरू करण्यात आला.

त्यापूर्वी आपल्याकडे कौले नव्हती असे नव्हे. कुंभार चाकावर नळी फिरवून तिचे दोन भाग करी. ती अर्धगोल कौले एकावर एक पालथी-उताणी बसवीत. परंतु ती दरवर्षी पावसाळ्यापूर्वी शाकारावी लागत. माकड उडी मारून गेले तरी रांग विसकटे. युरोपात १८४१ साली अल्सास प्रांतातील जिलार्दोनी बंधूंनी एकमेकांत खाचेने अडकणाऱ्या चपट्या कौलाचा शोध लावला होता. तीच रीत मंगळुरास आली. साच्याच्या दाबाखाली बनलेले प्रत्येक कौल मापाने दुसऱ्यासारखेच असल्याने, छप्पर हलके झाले, लाकूड कमी लागू लागले आणि वर्षाचा शाकारणीचा खर्च वाचला. माल टिकाऊ, माप निश्चित आणि शिक्का विश्वासाचा, असा त्रिवेणी योग जुळल्यावर मागणी वाढली यात नवल नाही. लवकरच अल्बुकर्क आदी स्थानिक कारखानदारही या धंद्यात उतरले आणि ‘मंगळुरी कौल’ हे एका गावचे नाव साऱ्या जातीच्या मालाचे नाव होऊन बसले.

आपल्या भागातील वाचकांस हा प्रकार नवा वाटू नये. हुबळी-धारवाडचा कापूस देवीमने घाटाने बैलगाड्यांवर कुमठ्याच्या बंदरात उतरे व तेथून जहाजाने मुंबईस जाई. परिणामी लिव्हरपूलच्या बाजारात त्या कापसाचे नावच ‘कुमठा’ पडले. कापूस पिकविला आपण आणि नाव झाले बंदराचे! समुद्र हा व्यापाराचा मार्ग होता तेव्हा बंदराला केवढे महत्त्व होते, हे यावरून ध्यानी येईल. कारवारचे बंदर मुंबई इलाख्याच्या सोयीचे व्हावे म्हणूनच १८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्यास जोडण्यात आला होता.

वाट आणि खडक

कौल हा जहाजावरचा अवघड माल. एका मंगळुरी कौलाचे वजन साधारण दोन ते तीन किलो भरते आणि एक चौरस मीटर छपरास सुमारे पंधरा कौले लागतात. म्हणजे दहा हजार कौले म्हटली की वीस ते तीस टन भार झाला आणि त्यात सहासातशे चौरस मीटर छप्पर, म्हणजे पाचसहा बऱ्यापैकी घरे, आच्छादून होतील. कापसाच्या गठड्या जागा फार व्यापतात पण वजनाने हलक्या असतात. कौलांचे नेमके उलट. ती तळाशी ठेवली तर जहाजाला स्थैर्य येते, पण भरताना तोल साधला नाही अथवा पाणी आत शिरले, तर तेवढाच भार जहाजाला झपाट्याने खाली ओढतो. शिवाय माल ठिसूळ. पेंढ्याचे थर घालून, उभी रचून, हलणार नाहीत अशी ती बसवावी लागत.

पश्चिम किनाऱ्यावरील जहाजवाहतूक ऋतूच्या शिस्तीने चाले. ज्येष्ठापासून समुद्र खवळला की गलबते ओढून किनाऱ्यावर घेत आणि नारळी पौर्णिमेस सागराची पूजा करून मगच वाट पुन्हा मोकळी होई. उरलेल्या आठ महिन्यांत जो काही माल हलवायचा तो हलवायचा. दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो. उत्तरेकडे चाललेल्या शिडाच्या जहाजास तो समोरून लागतो, म्हणून आडवेतिडवे वळसे घेत पुढे सरकावे लागते. असे वळसे घेताना किनाऱ्यालगतचे खडक हे मोठे भय असते.

मंगळुराहून मुंबईच्या रोखाने निघालेल्या जहाजास गोव्याजवळ हेच भय भेटते. मुरगावच्या दक्षिणेस, किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर ग्रांडे बेट आणि त्याच्या सोबतीची लहान बेटे आहेत. पोर्तुगीजांनी त्यांस सेंट जॉर्जची बेटे म्हटले. या बेटांच्या परिसरात पाण्याखाली बुडालेले खडक आहेत आणि त्यांपैकी एकास सेंट जॉर्ज रीफ असे म्हणतात. दिसणारे बेट टाळता येते. न दिसणारा खडक टाळण्यास जाणता तांडेल, निवळ हवा आणि थोडे दैव या तिन्ही गोष्टी लागतात. आग्वादच्या किल्ल्यावर १८६४ साली दीपगृह उभे राहिले होते. पण दीपगृह दिशा सांगते. जहाजाच्या तळाखाली काय आहे ते सांगत नाही. आपले कौलांचे जहाज या सेंट जॉर्ज रीफवर येऊन नष्ट झाले.

समुद्रतळावरील वखार

समुद्रात बुडालेल्या वस्तूंचा शास्त्रशुद्ध अभ्यास ही आपल्या देशात तशी अलीकडची विद्या. दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ साली स्थापन झाली. लोथलचे उत्खनन करणारे विख्यात पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांच्या पुढाकाराने १९८१ पासून तेथे सागरी पुरातत्त्वाचे कार्य सुरू झाले. द्वारकेच्या समुद्रातील शोधांमुळे हे नाव घरोघरी पोहोचले. त्यानंतर गेल्या शतकाच्या अखेरीस व या शतकाच्या आरंभी या संस्थेच्या पाणबुड्या संशोधकांनी गोव्याच्या समुद्रातील बुडित जहाजांकडे लक्ष वळविले.

पाणबुड्याचे काम कसे चालते, हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. पाठीवर दाबून भरलेल्या हवेची नळकांडी असते. १९४३ साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी सिद्ध केलेल्या झडपेमुळे ती हवा श्वासाबरोबर, भोवतालच्या पाण्याच्या दाबाएवढ्या दाबाने, आपोआप मिळते. दर दहा मीटर खोलीस वातावरणाएवढा एक दाब अंगावर वाढतो. म्हणून जितके खोल जावे तितकी हवा लवकर संपते आणि वर येणेही सावकाश करावे लागते. अशा मर्यादित वेळात संशोधक दोरीने जागेचे चौकोन आखतो, प्रत्येक वस्तू जेथे आहे तेथेच मोजतो, प्लॅस्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने आराखडा काढतो, छायाचित्र घेतो आणि मगच आवश्यक तेवढी वस्तू वर आणतो. वखारीतील मालाची मोजदाद करणाऱ्या मुनिमाचेच हे काम, फक्त श्वास मोजून घेत करावयाचे.

सेंट जॉर्ज रीफवर जी मोजदाद झाली ती पाहून कोणाही बांधकाम-सामानाच्या व्यापाऱ्यास आपल्या दुकानाची आठवण व्हावी. छपराची कौले होती, आढ्यावर बसवावयाची कौले होती, धुराड्याच्या विटा होत्या, सांडपाण्याचे नळ होते. याखेरीज भाजलेल्या मातीचे, एकावर एक रचून खांब उभा करावयाचे गोल टप्पे होते आणि त्या खांबांवर बसवावयाची पानाफुलांच्या नक्षीची, ग्रीक धर्तीची कॉरिन्थियन स्तंभशीर्षेही होती. सारा माल मातीचा, सारा भाजलेला, सारा इमारतीचा. एखाद्या घरधन्याने छप्पर शाकारण्यासाठी मागविलेला हा माल नव्हे. खांब आणि स्तंभशीर्षे असणारी, धुराड्याची, मोरीच्या नळांची सोय असणारी इमारत म्हणजे बंगला, कचेरी, प्रार्थनामंदिर अथवा तशीच काही मोठी वास्तू. एका अर्थी जहाजाच्या पोटात मोठ्या इमारतीचे सामान सुटे करून भरलेले होते.

जहाज स्वतः मात्र उरले नाही. यात गूढ काही नाही. आपल्या उष्ण समुद्रात लाकूड पोखरणारे शिंपल्याच्या जातीचे जीव असतात. ते फळीत शिरतात आणि काही वर्षांतच तिची चाळण करतात. जे गाळात गाडले जाते तेवढे वाचते. उघड्या खडकावर पडलेले लाकूड राहत नाही. दोर, शीड, पेंढा, कागद, कापड, धान्य यांपैकी काही टिकत नाही. भट्टीत भाजलेल्या मातीला मात्र समुद्र काही करू शकत नाही. छपरावर ऊन-पावसाशी झुंजण्यासाठी जो गुण तिच्या अंगी बाणविला गेला, तोच तिला पाण्याखालीही तारून गेला.

शिक्क्याची साक्ष

आता मुख्य प्रश्न असा, की हे जहाज केव्हाचे आणि कोठून आलेले? उत्तर मालावरच उमटविलेले होते : ‘बासेल मिशन टाईल वर्क्स, १८६५.’

या चार शब्दांतून व एका आकड्यातून किती गोष्टी निष्पन्न होतात पाहा. माल बासेल मिशनच्या कारखान्याचा, हे तर उघडच झाले. त्या कंपनीचा मूळ कारखाना मंगळुरास असल्यामुळे जहाज मंगळुराहून निघाले असावे, हा संशोधकांचा तर्क सयुक्तिक ठरतो. १८६५ हे साल मात्र जपून वाचावे लागते. अननुभवी मनुष्य म्हणेल की जहाज १८६५ सालीच बुडाले. पण व्यापाऱ्याला ठाऊक असते की पेढीच्या पाटीवर लिहिलेले साल हे आजच्या विक्रीचे नसून पेढीच्या स्थापनेचे असते. तद्वत १८६५ हे कारखान्याच्या स्थापनेचे साल होय. त्यावरून एवढेच ठामपणे म्हणता येते की जहाज त्या वर्षाच्या अगोदरचे नाही. कारखाना वाढला, केवळ कौलांवर न थांबता खांब, नळ व शोभेचा माल काढू लागला, तो काळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचा. मालाची घडण पाहूनही अभ्यासकांनी तोच काळ ठरविला.

याला विज्ञानाचीही पुष्टी मिळाली. भाजलेल्या मातीतील कणांत निसर्गातील सूक्ष्म किरणोत्साराची ऊर्जा वर्षानुवर्षे साठत जाते. भट्टीत घालताच आधीची सर्व साठवण निघून जाते आणि खाते शून्यावर येते. त्या दिवसापासून पुन्हा जमा सुरू होते. प्रयोगशाळेत तो तुकडा तापविला असता साठलेली ऊर्जा मंद प्रकाशरूपाने बाहेर पडते आणि ती मोजून भट्टीपासून किती वर्षे लोटली याचा अदमास काढता येतो. जमाखर्चाच्या भाषेत सांगावयाचे, तर शिल्लक पाहून खाते केव्हा उघडले ते ठरवावयाचे. या पद्धतीने काढलेले वयही कारखान्याच्या काळाशी जुळणारे निघाले.

शेजारची दोन जहाजे

या जहाजाचे महत्त्व त्याच्या शेजाऱ्यांमुळे अधिक खुलते. त्याच परिसरातील सुंची रीफ या खडकावर सतराव्या शतकातील पोर्तुगीज व्यापारी जहाजाचे अवशेष मिळाले आहेत. तेथे लोखंडी तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी, मोठे रांजण आणि घडीव दगड असा माल सापडला. अमी शोल्स या उथळ जागी तिसरे जहाज आहे. त्यावर बाष्पयंत्राचे भाग, बॉयलर व भट्टीच्या विटा आढळल्या. म्हणजे ते वाफेच्या युगातील.

ही तीन जहाजे एकापुढे एक मांडली म्हणजे तीन शतकांच्या व्यापाराची वहीच उघडल्यासारखे होते. पहिल्या जहाजावर राजेरजवाड्यांच्या आणि धनिकांच्या चैनीचा, वजनाने थोडा व मोलाने फार असा माल आहे आणि त्याच्या रक्षणास तोफा आहेत. दुसऱ्यावर सामान्य गृहस्थाच्या डोक्यावर छप्पर घालणारा, वजनाने फार व मोलाने थोडा माल आहे आणि एकाही तोफेची त्याला गरज वाटलेली नाही. तिसऱ्याने वाऱ्याची ताबेदारी झुगारून दिली आहे. समुद्र निर्धास्त झाला, माल सर्वसामान्यांचा झाला आणि वाहतूक वेळेची झाली. पुढे १८८८ च्या सुमारास मुरगावचे बंदर घाटातून आलेल्या लोहमार्गाने हुबळीशी जोडले गेले आणि कुमठ्याची गाडीवाट ओस पडू लागली. आज गोकुळ रोडवरील औद्योगिक वसाहतीतून निघालेला माल मालमोटारीत भरून रात्रीत बंदर गाठतो. त्या सोयीची पहिली पायरी त्या काळात बांधली गेली, हे विसरून चालणार नाही.

बासेल मिशनच्या व्यापाराचा शेवट मात्र समुद्राने केला नाही, युद्धाने केला. पहिल्या महायुद्धात कंपनीतील जर्मन माणसांमुळे सरकारने तिच्या मालमत्तेवर जप्ती आणली आणि पुढे तिचे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्ट या नव्या संस्थेकडे गेले. खडकाने एक जहाज घेतले. राजकारणाने सारी पेढी घेतली. तरीही कौलांवरील शिक्का अद्याप वाचता येतो.

बुडालेल्या मालाचा हिशोब

जहाज बुडाले म्हणजे नुकसान कोणाचे, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी फार पूर्वी सोडविला होता. विमा कंपन्या किनाऱ्यावर येण्याच्या अगोदरपासून पश्चिम भारतातील व्यापाऱ्यांत जोखमी हुंडीची चाल होती. माल पाठविणारा व्यापारी माल घेणाऱ्यावर हुंडी लिही आणि तीत जहाजाचा व मालाचा उल्लेख असे. ही हुंडी तो सराफास अथवा अन्य खरेदीदारास विके. माल सुखरूप पोहोचला तर माल घेणारा हुंडीची रक्कम देई. जहाज बुडाले तर हुंडी बुडाली. ती धरणाऱ्यास ना लिहिणाऱ्याकडे दाद, ना घेणाऱ्याकडे.

समजा, हजार रुपयांची हुंडी नऊशे चाळिसास विकली गेली. मधल्या साठ रुपयांत वाटेतल्या दिवसांचे व्याज आले आणि समुद्राच्या जोखमीचे मोलही आले. पावसाळा जवळ आला, तांडेल नवखा असला, जहाज जुने असले, की हा कसर वाढे. एकाच कागदात कर्ज, पैशाची पाठवणी आणि विमा या तिन्ही गोष्टी साधणारी ही युक्ती होती. तिचा सारा डोलारा एका विश्वासावर उभा होता : जहाज बुडाले असे कोणी खोटे सांगणार नाही.

आजच्या विम्यातही तत्त्व तेच आहे. १९६३ च्या आपल्या सागरी विमा कायद्यात असे कलम आहे की जहाज बेपत्ता झाले आणि वाजवी काळ लोटूनही त्याची वार्ता आली नाही, तर ते पूर्णपणे नष्ट झाले असे मानता येईल. कौलांच्या जहाजासारख्या कित्येक जहाजांची अखेर किनाऱ्यावरच्या माणसांना अशीच, वार्ता न आल्यामुळे, कळली असेल. घरी वाट पाहणाऱ्या खलाशांच्या बायकामुलांना तो ‘वाजवी काळ’ किती दीर्घ वाटला असेल, याची कल्पना कायद्याच्या भाषेत येत नाही.

पाहावे, पण उचलू नये

सांप्रत सुटीत गोव्यास जाणारी आपली तरुण मंडळी ग्रांडे बेटाजवळ पाणबुडीचा अनुभव घेऊन येतात. पावसाळ्यात नद्यांच्या गाळाने पाणी गढूळ होते, म्हणून हा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे असा असतो. तेथे ‘सूझीज रेक’ या नावाने ओळखले जाणारे एक लोखंडी मालवाहू जहाज उथळ पाण्यात पडलेले आहे. त्याच्या पत्र्यांवर व बॉयलरवर शिंपले आणि प्रवाळ चिकटले आहेत आणि कपारींतून माशांचे थवे वावरतात. जेथे कधी माल भरला जाई तेथे आता जलचरांची वसती आहे. पाहण्यासारखे दृश्य खरेच, आणि प्रशिक्षित मार्गदर्शक बरोबर असल्यास ते अवश्य पाहावे.

परंतु एक विनंती. तळाशी पडलेला तुकडा आठवण म्हणून उचलून आणण्याचा मोह अनेकांस होतो. तो आवरावा. पहिले कारण असे, की शंभर वर्षांपूर्वीच्या पुरावस्तूंस १९७२ च्या कायद्याचे संरक्षण आहे आणि २००१ साली युनेस्कोने केलेल्या करारातही शंभर वर्षे पाण्याखाली राहिलेला मानवी ठेवा शक्यतो जागच्या जागी राखावा असे तत्त्व मांडले आहे. दुसरे कारण व्यावहारिक आहे. दीर्घकाळ खाऱ्या पाण्यात राहिलेली वस्तू तशीच वाळू दिली, तर अंगात मुरलेले मीठ स्फटिकरूप होते आणि पापुद्रे सुटून ती भंगते. प्रयोगशाळेत ती गोड्या पाण्यात ठेवून ते पाणी वारंवार बदलावे लागते. दिवाणखान्यातील कपाटात ठेवलेला तुकडा काही वर्षांत चुरा होतो. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. शिक्का असलेले एकच कौल जर कोणी हौसेने पूर्वीच उचलून नेले असते, तर कदाचित उरलेल्या साऱ्या मालाची ओळख पटविणे कठीण झाले असते. वहीतील एक पान फाडले की पुढचा मेळ बसत नाही, हे आपणांस सांगावयास नको.

उरलेला अर्धा भाग

कौलांच्या जहाजाने आपणांस बनविणाऱ्याचे नाव सांगितले, गाव सांगितले, काळ सांगितला. परंतु माल कोणी मागविला, भाडे किती ठरले, जोखीम कोणी घेतली, जहाजावर किती माणसे होती आणि त्यांपैकी कितीजण पोहून किनाऱ्याला लागले, या गोष्टी मातीवर दाबून उमटविता येत नाहीत. त्या लिहिल्या जातात कागदावर. आणि कागद जपला जातो तो समुद्रात नव्हे, घरात. मालाची बाजू समुद्राने सव्वाशे वर्षे सांभाळली. कागदाची बाजू सांभाळण्याचे काम जमिनीवरच्या माणसांचे होते.

येथे हा विषय दूरच्या समुद्राचा न राहता आपल्या उंबरठ्याशी येतो. आपल्यापैकी अनेक घराणी पिढ्यान्पिढ्या व्यापारात आहेत. कोणाचे पूर्वज मारवाडातून आले, कोणाचे गुजरात-कच्छहून, कोणाचे याच मातीतले. त्यांच्या लाल कापडी बांधणीच्या चोपड्या, मोडी अथवा महाजनी अक्षरांतील रोजमेळ, बंदरातील आडत्यांशी झालेला पत्रव्यवहार, हुंड्यांचे नमुने, रेल्वेच्या पावत्या माळ्यावर वा जुन्या पेटाऱ्यांत पडून आहेत. दिवाळीस नव्या वहीचे पूजन होते आणि कैक घरांत त्याच सुमारास जुन्या वह्या रद्दीत जातात. तो कागद वजनाने विकून हाती येणारे पैसे किती आणि त्याबरोबर जाणारी माहिती केवढी, याचा हिशोब आपण करावा. कुमठ्याच्या बंदरी किती गठड्या उतरल्या, कोणते जहाज उशिरा आले, कोणते आलेच नाही, कौलांचा भाव काय होता, हे सारे त्याच पानांत असू शकते.

म्हणून सूचना अशी, की प्रत्येक कुटुंबाने आपल्याकडील जुन्या वह्यांची एक साधी यादी करावी : किती वह्या, कोणत्या सालच्या, कोणत्या लिपीत. वाळवी व ओल यांपासून त्या दूर ठेवाव्यात, प्लॅस्टिकमध्ये कोंडू नयेत, स्वच्छ सुती कापडात बांधाव्यात. घरातील जी वडीलधारी माणसे मोडी व महाजनी वाचू शकतात, त्यांच्याकडून तरुणांनी निदान काही पाने वाचवून घ्यावीत, कारण हे वाचणारे डोळे दरवर्षी कमी होत आहेत. पानांची छायाचित्रे घेण्यास आज हातातील फोन पुरतो. घरातील खाजगी व्यवहार झाकून ठेवण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहेच. परंतु भाव, माल, मार्ग आणि जहाजे यांची माहिती झाकून ठेवण्याचे काही प्रयोजन नाही.

गोव्याच्या खडकावर पडलेल्या कौलांना कोणी जपले नव्हते. ती टिकली ती भट्टीत नीट भाजली गेली म्हणून. कागदाला भट्टीचे बळ नसते. त्याला माणसाचेच बळ लागते.